दहा मिनिटं आणि सव्वीस स्लाइड

प्रश्न : मी एम.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. द्राक्षावरच्या केवडा रोगावरचं माझं काम परीक्षकांसमोर दहा मिनिटांत मांडायचं आहे. २६ स्लाइड तयार आहेत. सगळं पाठ करूनही उभं राहिलं की पहिलंच वाक्य आठवत नाही. काय करू?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आधी पाठांतर सोडा. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला, की पुढचं सगळं अडतं. फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पक्की करा. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द पुरतात. सावकाश बोललात तर दहा मिनिटांत हजार-अकराशे शब्द होतात. त्यात २६ स्लाइड कशा मावतील? आठ ठेवा.

सुरुवात व्याख्येने करू नका, पानाने करा. पानाचा मोठा फोटो दाखवा : वर तेलकट पिवळा डाग, आणि पान उलटलं की त्याच जागी पांढरी बुरशी. तिथे दोन क्षण थांबा, लोकांना पाहू द्या. मग सांगा, ‘हा डाग दिसण्याआधी काय करता येईल, हे मी तपासलं.’ परीक्षक तिथेच तुमच्या बाजूने ऐकू लागतात. पंधरा ओळींच्या तक्त्यातून एकच आकडा मोठा करून दाखवा, बाकीचा तक्ता प्रबंधात आहेच.

सराव मनातल्या मनात नको. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा तरी करा. त्यातून एकदा घरच्यांसमोर, कारण आई-वडील जिथे ‘म्हणजे काय रे?’ विचारतील, नेमकं तेच वाक्य बदलायचं आहे.