गिऱ्हाईक, पाटी आणि नोकर

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी रत्नागिरीच्या राम आळीत आपण नेहमी वाचतो. तरीही गिऱ्हाईक आठ दिवसांनी वापरलेला कपडा घेऊन येते आणि बोलणी खातो तो काउंटरवरचा नोकर.

येथे आपण आधी कायदा समजून घेऊ. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत छापलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेथे पाटीचा उपयोग नाही. माल चांगला असून केवळ मन बदलले असेल, तर मात्र दुकानाचा नियम चालतो.

म्हणून पाटीवर 'सदोष माल वगळून' असे लिहावे. मुदत बिलावर छापावी आणि पैसे घेण्यापूर्वीच सांगावी. नोकराने आवाज न चढवता बिल मागावे, माल तपासावा, मग उत्तर द्यावे. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकाने ओळखीपाळखीसाठी नियम मोडू नये. नोकराने 'नाही' म्हटल्यावर मालक गल्ल्यावरून 'हो' म्हणाला, तर उद्यापासून त्या नोकराचे कोणीही ऐकणार नाही.