अवकाशाचे दार आणि दारावरची अट

दिनांक २० जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील पश्चिम टेक्सासच्या वाळवंटातून 'न्यू शेपर्ड' नावाचे रॉकेट चार प्रवाशांना घेऊन आकाशात झेपावले आणि सुमारे दहा मिनिटांत सर्वजण सुखरूप जमिनीवर परतले. ज्या कुपीत ते बसले होते ती पॅराशूटच्या साहाय्याने उतरली. तिला वर नेणारे रॉकेट तत्पूर्वीच आपल्या पायांवर सरळ उभे राहून उतरले होते. या चौघांत कंपनीचे मालक जेफ बेझोस व त्यांचे बंधू होते, अठरा वर्षांचा एक तरुण होता आणि वॉली फंक नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या एक वैमानिक होत्या. वृत्तपत्रांनी मालकाचे छायाचित्र मोठे छापले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या वृद्ध वैमानिकेकडे पाहावे. परंतु तत्पूर्वी हे यान कसे चालते ते समजून घेऊ.

समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर उंचीवर अवकाशाची सीमा सर्वसाधारणपणे मानली जाते. अमेरिकेत ८० किलोमीटरची मर्यादाही प्रचलित आहे. या सीमेपर्यंत जाऊन पृथ्वीप्रदक्षिणा न करता परत येणाऱ्या उड्डाणास 'उपकक्षीय' उड्डाण म्हणतात. अंगणात वर फेकलेला चेंडू जसा माथ्यावर क्षणभर थबकून खाली येतो, तसाच हा प्रवास असतो. या प्रवासात तीन-चार मिनिटे वजनविरहित अवस्था अनुभवास येते. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १०० किलोमीटरवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या सुमारे ९७ टक्के असते. यान आणि आतील माणसे एकाच वेगाने, एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही.

पृथ्वीभोवती कक्षेत फिरण्यासाठी यानाला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. उपकक्षीय यानाला ताशी सुमारे ३,५०० किलोमीटर वेग पुरतो. वेग आठपट झाला की गतिज ऊर्जा चौसष्टपट होते आणि परतताना तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. उपकक्षीय यानास ही भट्टी सोसावी लागत नाही. म्हणूनच तेच यान तपासून, इंधन भरून पुन्हा उडविणे तुलनेने सुकर ठरते. न्यू शेपर्डचे एक रॉकेट नोव्हेंबर २०१५ ते ऑक्टोबर २०१६ या काळात पाच वेळा उडाले व पाचही वेळा उभे उतरले. त्याचे इंजिन द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजनवर चालते.

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा २००४ साली गाठला गेला. तीन माणसांना नेण्याजोगे खासगी यान दोन आठवड्यांत दोनदा १०० किलोमीटरपलीकडे नेणाऱ्यास एक कोटी डॉलरचे 'अन्सारी एक्स' पारितोषिक जाहीर झालेले होते. बर्ट रुटान यांच्या 'स्पेसशिपवन'ने २९ सप्टेंबर व ४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे येथून ही अट पूर्ण केली. हे यान वाहक विमानाखाली लटकून वर जाई, तेथून सुटून रॉकेट पेटवी आणि उतरताना आपली शेपटी वर दुमडून बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे स्थिर खाली येई.

त्याच धर्तीवर बांधलेले 'स्पेसशिपटू' ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणीत हवेतच मोडले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी मृत्युमुखी पडले. शेपटीची कडी त्यांच्याकडून वेळेआधी उघडली गेली होती. सरकारी चौकशी मंडळ एवढ्यावर थांबले नाही. माणसाच्या हातून एखादी चूक होणारच, हे गृहीत धरून यानरचना केली गेली नव्हती, असा ठपका मंडळाने ठेवला. धम्माच्या अभ्यासकास ही विचारपद्धती परिचित आहे. घटनेमागची कारणपरंपरा शोधल्याशिवाय दोष शेवटच्या माणसाच्या माथी मारू नये. याउलट १२ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू शेपर्डचे रॉकेट मध्येच बिघडले तेव्हा वरची माणूसरहित कुपी आपोआप अलग होऊन पॅराशूटने खाली आली. तेथे बिघाड आधीच गृहीत धरलेला होता.

आता वॉली फंक यांच्याकडे वळू. १९६१ साली, बाविशीतल्या फंक यांनी अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांसाठी रचलेल्या वैद्यकीय कसोट्या दिल्या व त्या उत्तीर्ण झाल्या. डॉ. लव्हलेस यांच्या खासगी उपक्रमात अशा तेरा महिला उत्तीर्ण झाल्या होत्या. परंतु 'नासा'ची अट अशी की, उमेदवार लष्करी जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असावा. आणि लष्कराच्या त्या प्रशिक्षणात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. अटीत 'स्त्री नको' असे कोठेही लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती.

कृष्णवर्णीय वैमानिक कॅप्टन एड ड्वाइट यांची कथा आणखी बोलकी आहे. त्यांच्याकडे पदवी होती, लष्करी वैमानिकाचा अनुभव होता. केनेडी यांच्या कारकिर्दीत अंतराळवीरपदाची तयारी करून घेणाऱ्या हवाई दलाच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. तरीही १९६३ साली नासाने निवडलेल्या चौदा जणांत त्यांचे नाव नव्हते. १९६६ साली त्यांनी हवाई दल सोडले आणि पुढे शिल्पकार म्हणून नाव मिळविले. कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस अवकाशात जाण्यास १९८३ साल उजाडावे लागले. ते होते गायन ब्लुफर्ड. ड्वाइट मात्र १९ मे २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, न्यू शेपर्डमधून अवकाशाच्या सीमेपलीकडे गेले. उतरताना तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडले नाही. उरलेल्या दोहोंवर कुपी सुखरूप उतरली.

साठ वर्षांनी का होईना, दार उघडले, असे म्हणून आपण आनंद मानावा काय? आनंद जरूर मानावा, पण अट काय झाली तेही पाहावे. पूर्वीची अट गुणवत्तेच्या नावाने होती. आजची अट उघडपणे पैशाची आहे. २०२१ च्या त्या पहिल्या उड्डाणातील एक आसन लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेले. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या तिकिटाचा दर साडेचार लाख डॉलर होता. फंक मालकाच्या पाहुण्या म्हणून गेल्या. ड्वाइट यांचे आसन 'स्पेस फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेने पुरस्कृत केले. दोघांची पात्रता १९६१ पासून तशीच होती. दोघांनाही शेवटी कोणाच्या तरी औदार्याची वाट पाहावी लागली.

पुनर्वापरामुळे उड्डाणाचा खर्च उतरतो, हे यंत्रशास्त्राचे उत्तर आहे. पण उतरलेल्या खर्चाचा लाभ कोणाला मिळावा, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ते समाज ठरवितो. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ते उपकार ते विसरले नाहीत. परंतु एका राजाच्या उदारतेवर पुढच्या पिढ्या सोडून देणे त्यांना मान्य नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च व परदेशी शिक्षणासाठी सरकारी निधी मंजूर करून घेतला. पाहुण्याचे आसन आणि हक्काचे आसन यांतील अंतर त्यांनी नेमके ओळखले होते.

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेल्यांपैकी अनेकांनी हे अंतर स्वतः चाललेले आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांना रॉकेट अवश्य दाखवा. वेग, ऊर्जा, गुरुत्वाकर्षण यांची गणिते त्यांच्याकडून करून घ्या, कारण त्या ज्ञानाला पर्याय नाही. आणि मुलामुलींना आणखी एक सवय लावा. कोणत्याही दाराशी 'अपात्र' असा शेरा मिळाला, तर प्रथम स्वतःची तयारी तपासावी. ती पुरेशी असेल, तर ती अट कोणी, कधी व कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली, हे निर्भयपणे विचारावे. फंक आणि ड्वाइट यांच्या तारुण्यात हा प्रश्न विचारणारे थोडे होते. आपल्या मुलांना साठ वर्षे थांबावे लागू नये.