गाडीची किल्ली मागण्याआधी

पेण

चि. बाळास,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या गॅरेजमध्ये एका गाडीचा सर्व्हे करत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. तुझं म्हणणं मात्र नीट ऐकलं. न्यू जर्सीच्या तुझ्या चुलतभावाने सांगितलं की तो गाडी चालवायला लागला आणि घरच्या विम्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. मग तू दाजींची पॉलिसी काढून वाचलीस. तीत चालवणाऱ्याच्या वयाचा रकानाच तुला सापडला नाही. आपल्याकडे पोराने गाडी चालवली म्हणून एक रुपया वाढत नाही, तर बाबा किल्ली का देत नाहीत, तूच त्यांना समजाव, असं तू मला म्हणालास. पुढच्या महिन्यात तुला अठरा पूर्ण होतील. त्याआधी हे पत्र सावकाश वाच. माझी सगळी नोकरी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली आहे, त्यामुळे या विषयात मी तुला ऐकीव काही सांगणार नाही.

तू पॉलिसी बरोबर वाचली आहेस. थर्ड पार्टीचा दर आपल्याकडे केंद्र सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897 रुपये, शिवाय जीएसटी. दाजींची बलेनो मधल्या गटात बसते. ती पन्नाशीच्या दाजींनी चालवली काय किंवा काल लायसन्स मिळालेल्या मुलाने चालवली काय, हे 3,416 बदलत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला आम्ही ओडी म्हणतो, तो मुख्यतः गाडीचं मॉडेल, वय, आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि शहर बघून ठरतो.

अमेरिकेत कंपन्या चालवणाऱ्याचं वय बघतात ते उगाच नाही. तिथल्या आकडेवारीप्रमाणे 16 ते 19 वयाच्या चालकांच्या हातून दर मैलामागे होणारे जीवघेणे अपघात हे वीस आणि त्यावरच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. हात तरुण असतो, नजर तीक्ष्ण असते, पण समोरचा रिक्षावाला आता वळणार हे ओळखायला लागणारा सराव नसतो. म्हणून तुझ्या भावाला सतराव्या वर्षी मिळालं ते कच्चं लायसन्स. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी काढायची नाही, आईवडील बरोबर नसतील तर एकापेक्षा जास्त माणूस घ्यायचा नाही, नंबरप्लेटवर लाल खूण लावायची. हे सगळं पाळूनही हप्ता वाढतोच. त्याच्या आईवडिलांना धोक्याची किंमत वर्षाच्या सुरुवातीलाच मोजावी लागते.

आपल्याकडे तीच किंमत उधारीच्या खात्यावर चढते. हप्ता भरताना ती दिसत नाही आणि अपघात झाला की व्याजासकट एकरकमी समोर येते. माझ्या सगळ्या पत्राचं सार एवढंच आहे. बाकीचं मी हिशेबाने दाखवतो.

आधी लहान हिशेब घे. लायसन्स मिळाल्यावर तू उत्सव चौकात रिव्हर्स घेताना खांबाला बंपर लावलास असं समज. बंपर प्लॅस्टिकचा. झिरो डेपचं, म्हणजे घसारा न कापणारं, कव्हर नसेल तर रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर सरळ 50 टक्के घसारा कापला जातो, गाडी कितीही नवी असो. त्यावर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये तुमच्या खिशातून. म्हणजे पाच हजारांच्या बंपरचे दीड हजार हाती येतात, रंग आणि मजुरीचं जे मिळेल ते वेगळं. आता दाजींचं काय गेलं ते बघ. त्यांनी पाच वर्षं एकही क्लेम केलेला नाही, म्हणून त्यांना ओडीवर 50 टक्के नो क्लेम बोनस आहे. समजा बोनसआधीचा ओडी हप्ता 12,000 आहे, तर ते 6,000 भरतात. एक क्लेम झाला की बोनस शून्यावर. पुढे तो 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 वर यायला पाच वर्षं जातात. मूळ हप्ता तोच धरला तर एवढ्या काळात 15,000 रुपये जास्त जातात. दीड-दोन तासांच्या गॅरेजच्या कामासाठी हे नुकसान. तरुण चालकाचा वाढीव हप्ता आपल्याकडे नाही असं म्हणतोस ना, तो हा इथे आहे.

दुसरी गोष्ट माझ्या कामातली. गाडी समोर आली की सर्व्हेअर पत्र्याकडे नंतर बघतो. पहिला प्रश्न असतो, गाडी कोण चालवत होतं? दुसरी मागणी, त्याचं लायसन्स दाखवा. बऱ्याच घरांत या प्रश्नाला उत्तर येतं, "मीच चालवत होतो," आणि बोलणारे असतात वडील. आम्ही काही बोलत नाही. दार उघडून सीट बघतो. सव्वासहा फुटी माणसाच्या गुडघ्यांना जागा नाही इतकी सीट पुढे ओढलेली असते. फुटलेल्या एअरबॅगची खूण ज्याच्या अंगावर असायला हवी त्याच्या अंगावर ती नसते. हॉस्पिटलच्या कागदावर जखमी मुलाचं नाव आणि वेळ लिहिलेली असते. खोटं बोलल्यावर क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचा डाग लागतो, आणि सरळमार्गी बाप पोराच्या डोळ्यांदेखत खोटा पडतो. दाजींवर ती वेळ आणू नकोस.

आता मोठा हिशेब. हा वाचताना मन घट्ट कर. अपघातात माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना किती द्यायचं हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. समजा तळोजा एमआयडीसीत महिना 30,000 पगारावर काम करणारा तीस वर्षांचा माणूस आहे, घरी बायको, मुलगा आणि म्हातारी आई. वर्षाचे 3,60,000. खासगी ठराविक पगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरले की 5,04,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला की 3,36,000. या वयाचा गुणक 17. झाले 57,12,000 रुपये, शिवाय किरकोळ रकमा आणि निकाल लागेपर्यंतचं व्याज. एवढं मिळूनही त्या घरात बाप परत येत नाही, हे आधी लक्षात ठेव. पैशाचा विचार त्यानंतर.

लायसन्स असलेला चालक असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. माणसाच्या मृत्यूच्या किंवा इजेच्या थर्ड पार्टी दाव्याला वरची मर्यादा नाही. 3,416 रुपयांच्या त्या कागदाचं मोल एवढं मोठं आहे. पण चालवणारा बिनलायसन्सचा निघाला आणि मालकाने जाणूनबुजून त्याला गाडी दिली असं सिद्ध झालं, तर न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. कोर्टात याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वरण सिंग निकालापासून ही वाट पक्की झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 खाली ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. तुमच्या ओवेगावात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिडकोला शेती देऊन साडेबारा टक्के योजनेतून जो प्लॉट हाती आला, ज्यावर तुमचं घर उभं आहे, तोच पहिला डोळ्यांवर येतो. तुझ्या आजोबांच्या पिढीने त्या हक्कासाठी किती सोसलं ते तू घरात ऐकलं आहेस. एका रात्रीच्या फेरीपायी तो पणाला लावायचा नसतो.

तू अधूनमधून गाडी पेंधरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत नेतोस हे मला ताईकडून कळलं. बाळा, ते आजपासून बंद. कायदा याबाबत फार कडक झाला आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, आणि त्याच्या वडिलांना अटक झाली. त्या गाडीची किंमत आणि आपल्या बलेनोची किंमत यांत कितीही अंतर असो, दोन्ही गाड्यांना कलम एकच लागतं.

रस्त्यांचंही सांगतो. ओवेगावाहून सेंट्रल पार्ककडे जाणारे खारघरचे रस्ते रुंद आहेत आणि रात्री मोकळे असतात, म्हणून पोरांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. पण त्याच भागात तळोज्याकडून कंटेनर आणि ट्रेलर येतात, कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे जातात, आणि काही तर दिवे न लावता कडेला उभे असतात. मित्र म्हणतील शर्यत लावू, रील काढू. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही, भाडं घेऊन माणसं नेण्यालाही नाही. दारू पिऊन चालवलेल्या गाडीचं नुकसान कंपनी देत नाही. शिवाय फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गाडीत बसलेल्या मित्रांच्या इजेची जबाबदारी सर्वसाधारणपणे त्यात येत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. मागच्या सीटवर तीन आयांची पोरं बसलेली असतात हे गिअर टाकण्याआधी आठव.

मी तुला गाडीपासून लांब ठेवायला हे लिहिलेलं नाही. तुला चांगला चालक झालेलं मला बघायचं आहे, आणि दाजींशी मी बोलणारही आहे, पण पुढच्या गोष्टी तू पाळल्यास तरच.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ लायसन्स काढ. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. पनवेल आरटीओला एजंटच्या भरवशावर जाऊ नकोस, स्वतः शिकून परीक्षा दे. शिकताना गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवा आणि शेजारी लायसन्सवाला शिकवणारा बसलेला हवा. एवढं पाळलं तर पॉलिसी शिकाऊ चालकालाही धरते, यातलं एक चुकलं तर कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी काढायची नाही आणि दाजी किंवा ताई सोडून गाडीत कुणी घ्यायचं नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून हा नियम तू स्वतःला घालून घे.

पुढे कधी दाजी ही गाडी तुझ्या नावावर करतील तेव्हा आरसीबरोबर विमाही 14 दिवसांत तुझ्या नावावर करण्याचा अर्ज दे. त्यांचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर तुझ्याकडे येत नाही, तो त्यांचाच राहतो, तुला शून्यापासून कमवावा लागेल. मालक म्हणून 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर घे. पॉलिसी संपल्यावर 90 दिवस उलटले तर बोनसही संपतो, म्हणून तारीख मोबाईलवर लावून ठेव. तुझ्या मित्रांनाही एक सांग. 2018 पासून नव्या बाईकला थर्ड पार्टी पाच वर्षांची आणि कारला तीन वर्षांची मिळते, ती संपली तरी अनेकांना पत्ता नसतो. बिनविम्याची गाडी पकडली तर पहिला दंड 2,000 रुपये, आणि अपघात झाला तर वर सांगितलेला सगळा हिशेब मालकाच्या डोक्यावर. आणखी एक, 2022 पासून आपल्याकडेही कमी चालवणाऱ्याला आणि नीट चालवणाऱ्याला हप्त्यात सूट देणाऱ्या योजनांना परवानगी आहे. पुढच्या नूतनीकरणाला दाजींनी त्याची चौकशी करावी.

न्यू जर्सीच्या भावाशी बोललास तर त्याला सांग की त्याचा हप्ता वाढला यात त्याचा अपमान झालेला नाही. कुणीतरी त्याच्या आईवडिलांना धोका आधी मोजून दाखवला. तुला तो मोजून दाखवणारा कागद आपल्याकडे येत नाही, म्हणून मी हे पत्र लिहिलं. ते दाजींना आणि ताईला वाचून दाखव. आणि लायसन्स हातात पडेपर्यंत गाडीच्या किल्लीला हात लावणार नाही, हा शब्द मला फोन करून दे.

तुझा,
मामा