भरलेला ट्रक रात्री उभा ठेवताना

आर. के. पुरम ही दिल्लीतली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. शाळांना सुट्टी लागली की इथल्या सेक्टरांतून बदलीच्या सामानाचे ट्रक निघू लागतात; त्यांतले काही पुण्या-नागपूरकडे परतणाऱ्या मराठी कुटुंबांचे असतात. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनुसार स्तर 6 आणि त्यावरच्या कर्मचाऱ्याला 6,000 किलोपर्यंत सामान सरकारी खर्चानं नेता येतं, म्हणजे अख्खा संसार एका हौद्यात चढतो. त्याच्या राखणीचा विषय निघाला की घरात बोलणं होतं ते कुलपाबद्दल: किती मोठं घ्यावं, कोणत्या कंपनीचं घ्यावं. मला ही चर्चा चुकीच्या टोकाला धरलेली वाटते. चोरीचा धोका ठरतो तो भरलेला ट्रक लक्ष ठेवणाऱ्या माणसाशिवाय किती तास उभा राहतो यावर. कुलूप चोराचा फक्त वेळ खातं. त्या वेळात ओरडणारं, दिवा लावणारं, खाली धावत येणारं कुणी नसेल तर तो वेळ वायाच जातो.

दिल्लीत हे तास वाढण्याचं कारण शहराच्या नियमांतच आहे. जड मालवाहू गाड्यांना दिवसा बहुतेक रस्त्यांवर बंदी असते, त्यामुळे ट्रक रात्री वसाहतीत येतो, दिवसभर भरला जातो आणि पुन्हा रात्र होण्याची वाट पाहत थांबतो. भरणं लांबलं, एखादं कपाट जिन्यात अडकलं किंवा चावी द्यायला कार्यालयाचा माणूस आला नाही, की निघणं दुसऱ्या रात्रीवर जातं. सगळ्यांत वाईट रात्र हीच, कारण क्वार्टर रिकामं झालेलं असतं, कुटुंब नातेवाइकांकडे झोपायला गेलेलं असतं आणि ट्रक गल्लीच्या तोंडाशी असतो. उघड्या हौद्याची ताडपत्री ब्लेडनं कापता येते, दोर कापायला तर क्षणही पुरतो. बंद कंटेनरचं कुलूप भक्कम असलं तरी कोयंडा बहुतेक वेळा पातळ पत्र्याचा, रिव्हेटवर बसवलेला असतो आणि चोर हात घालतो तो तिथेच. हौद्याला हात न लावताही स्टेपनी, बॅटरी आणि टाकीतलं डिझेल जातं. सबंध ट्रकच पळवला तर धौला कुआँवरून राष्ट्रीय महामार्ग 48 जवळच आहे, आणि रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानं हरियाणाची हद्द गाठायला फार वेळ लागत नाही. देशातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं कार्यालय अनेक वर्षं याच आर. के. पुरमच्या ईस्ट ब्लॉकमध्ये होतं. त्या विभागाच्या वार्षिक अहवालांत वाहनचोरीत महानगरांमध्ये दिल्ली वर्षानुवर्षं पुढे दिसते. त्यांतली बहुसंख्य वाहनं दुचाकी असतात हे खरं, पण चोरीला गेलेल्यांपैकी परत मिळणारी थोडीच, हेही तितकंच खरं.

म्हणून भरण्याची वेळ निघण्याच्या वेळेवरून मागे मोजावी. रात्री अकराला निघायचं असेल तर शेवटचं खोकं साडेनऊ-दहाला चढावं, आणि त्या रात्री निघणं नक्की नसेल तर मौल्यवान सामान घरातच राहू द्यावं. खोकी आत, पलंग आणि कपाटं फाळक्याजवळ, म्हणजे मागून हात घालणाऱ्याला आधी जड वस्तू लागतील. थांबावंच लागलं तर ट्रकची मागची बाजू भिंतीला टेकवून तो दिव्याखाली लावावा. कागदपत्रं, दागिने, लॅपटॉप ट्रकमध्ये जाताच कामा नयेत.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो, मग काळजी कसली? या उत्तराचा मला राग येतो. आदली रात्र गाडी चालवून आलेला आणि पुढे हजार-दीड हजार किलोमीटर जाणारा माणूस झोपलाच पाहिजे. त्याला जागं ठेवून आपण सामान वाचवतो आणि महामार्गावर त्याचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो. शिवाय केबिनमधून फाळका दिसत नाही. राखणीला वेगळा माणूस हवा. घरातल्या दोघांनी पाळीपाळीनं जागावं किंवा वसाहतीच्या चौकीदाराला एका रात्रीचे वेगळे पैसे देऊन ट्रकपाशीच बसवावं. फाटकावरचा पहारा आणि खांबावरचा कॅमेरा यांना मी कमी लेखत नाही, पण कॅमेरा चोरी झाल्यावर उपयोगी पडतो आणि फाटकावरचा माणूस फाटक सोडून येत नाही.

दुसरा आक्षेप विम्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे, कारण इथे सुशिक्षित माणसंही गाफील असतात. ट्रकचा मोटार विमा ट्रकचा असतो. तुमच्या फ्रिजशी त्याचा संबंध नाही. सामानासाठी वाहतुकीचा वेगळा विमा लागतो. वाहतूकदाराची जबाबदारी 2007 च्या रस्ते-वाहतूक कायद्यात आहे आणि त्याची चांगली बाजू अशी की माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही. पण जास्त जोखमीचा दर देण्याचं आधी लेखी ठरलं नसेल तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. समजा भाडं 40,000 रुपये आणि सामान दहा लाखांचं, तर हातात जास्तीत जास्त चार लाख. सगळ्यात स्वस्त भाडं सांगणारा निवडला की ही मर्यादाही तितकीच खाली येते, हे भाव करताना कुणी लक्षात घेत नाही. म्हणून बिल्टीवर सामानाची खरी किंमत लिहून घ्या, खोक्यांना क्रमांक द्या, भरताना फोटो काढा. ट्रकमालकानंही निर्धास्त राहू नये. वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीतलीच अट असते, आणि चावी आत राहिल्याच्या प्रकरणांत विमा कंपन्या दावे नाकारतात. अशाच एका ट्रकच्या प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 75 टक्के रक्कम देववली, पण ती मिळायला मालकाला तिथपर्यंत जावं लागलं.

इतकं करूनही चोरी झालीच तर आधी 112, मग एफआयआर, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी सूचना. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये मालवाहू वाहनातून झालेल्या वस्तूंच्या चोरीचा वेगळा उल्लेख आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीला तीन. तेव्हा तक्रारीत सामान उभ्या ट्रकमधून गेलं हे स्पष्ट लिहावं आणि सोबत खोक्यांची यादी जोडावी. वाहतूकदारावर दावा करायचा तर माल नोंदवल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. नव्या गावात घर लावण्याच्या गडबडीत ही मुदत सहज निघून जाते, म्हणून एफआयआरची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून पावती बिल्टीला टाचून ठेवावी.