सातपुड्याचा उठाव आणि पूर्णेचे खारे पाणी

अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत जाते. तिच्या दोन्ही तीरांवरील काळी, सपाट व खोल जमीन पाहून परक्या माणसास हेवा वाटावा. तथापि दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावी विहिरीचे पाणी तोंडात घेतले की तो हेवा ओसरतो. पाणी खारे लागते. त्याने डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही आणि पिकास ते दिल्यास दोन-चार वर्षांत वावर बिघडते. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश खारपाणपट्टा या नावाने ओळखला जातो. येथे कोणे एके काळी समुद्र असावा असे एखाद्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे क्षार येथे साठण्यास समुद्राची गरज पडलेली नाही. त्यांचा उगम उत्तरेस दिसणाऱ्या डोंगरात व त्या डोंगराच्या दगडातच आहे. हे नीट समजले तर कूपनलिकेवर पैसा घालावा की नाही, जिप्सम कोठे टाकावे आणि पावसाचे पाणी कोठे अडवावे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर आला. तो थरावर थर साचून थंड झाला व त्याचा काळा पाषाण बनला. त्या वेळी चिखलदऱ्याचे पठार आणि अकोल्याचे मैदान असा भेद नव्हता. दोन्हीकडे तेच थर पसरलेले होते. पुढे भूकवचाच्या हालचालींमुळे गाविलगडच्या डोंगरांच्या दक्षिण पायथ्याशी भूपृष्ठ लांबवर चिरले गेले. या चिरेच्या उत्तरेकडील भाग वर उचलला गेला, तर दक्षिणेकडील भाग खाली खचला. मोर्शी तालुक्यात सालबर्डी येथे या उलथापालथीची साक्ष उघड्यावर पाहावयास मिळते. एरवी काळ्या पाषाणाच्या खाली दडून राहावयाचे वालुकाश्माचे जुने थर तेथे वर आलेले आहेत.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तर अकोला २८० मीटरांच्या आसपास. पण मैदान जेथे दिसते तेथे पाषाण नाही. मैदानात काही ठिकाणी ३०० मीटरांहून अधिक खोल भोके घेतली तरी गाळच लागत गेला. म्हणजे डोंगरमाथ्यावरील पाषाण आणि मैदानाखाली गाडला गेलेला पाषाण यांत एक किलोमीटरहून अधिक उभे अंतर पडले आहे. ही हालचाल पुरती थांबलेली आहे असेही नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला आणि २२ मे १९९७ रोजी याच रांगेच्या पूर्वेकडील टोकाजवळ जबलपूर हादरले.

डोंगर वर चढू लागला की त्यावरील ओढे-नाले अधिक वेगाने वाहतात व त्याला अधिक जोराने कोरतात. शेजारची जमीन खचत असेल तर कोरून आणलेला माल तेथेच पडतो. वान, शहानूर, चंद्रभागा या उत्तरेकडून येणाऱ्या नद्यांनी आणि मोर्णा, काटेपूर्णा, मन या दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांनी लक्षावधी वर्षे ज्वालामुखीचा दगड झिजवून पूर्णेच्या खोलगट भागात आणून ओतला. तेव्हा या खोऱ्यातील शेतकरी ज्या मातीत नांगर घालतो ती माती म्हणजे दळलेला लाव्हारसच होय.

गंमत अशी की या गाळात एका परक्या ज्वालामुखीचीही भर पडली आहे. पूर्णेच्या काठांच्या दरडींत काही ठिकाणी फिकट रंगाचा, पिठासारखा मऊ असा थर आढळतो. ती राख असून तिचा संबंध सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड स्फोटाशी जोडला जातो. समुद्र ओलांडून वाऱ्याने आलेली ही राख पीक घेण्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची नाही. पण दरडीतील कोणता थर केव्हा बसला हे ठरविण्यास ती उत्तम खूण ठरते.

आता पाण्याकडे वळू. डोंगरातून सुटलेला ओढा मैदानात उतरताच त्याचा वेग मोडतो. जड माल तो प्रथम टाकतो, हलका पुढे नेतो. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी मोठे गोटे, वाळू व मुरूम यांचा पट्टा तयार झाला आहे. भूजलतज्ज्ञ त्यास बझाडा म्हणतात. वरुड, मोर्शी, अचलपूर, अंजनगाव, अकोट व तेल्हारा या तालुक्यांचा डोंगराकडील भाग यात मोडतो. येथे पाऊस जमिनीत झटकन मुरतो, क्षार धुऊन जातात आणि पाणी गोडे राहते. संत्र्याच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. पुढे जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलची केळी अशाच पट्ट्यावर पोसली गेली. परंतु उपसा मुरण्याच्या मानाने फार वाढल्यामुळे तेथील पाण्याची पातळी खोल खोल जात आहे, ही गोष्ट वेगळीच चिंतेची आहे.

मैदानाच्या मध्यभागी मात्र ओढ्यांनी फक्त बारीक चिकणमाती आणली. ती ओली झाली की फुगते व तिच्यातील छिद्रे मिटतात. पाणी तिच्यातून अतिशय मंद गतीने सरकते. खोऱ्यास उतार कमी, पाऊस वर्षाकाठी साधारण ७०० ते ८५० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने ऊन पाण्यास वर ओढीत असते. अशा स्थितीत क्षार वाहून जाण्यास वाट कोठून मिळणार?

काळ्या पाषाणातील खनिजे कुजली की त्यांतून कॅल्शियम व सोडियम ही दोन्ही द्रव्ये सुटतात. कॅल्शियम लवकरच चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने जमिनीत घट्ट बसते. दोन-तीन फूट खणल्यावर लागणारे पांढरे खडे ते हेच. पाण्यात मागे राहतो तो सोडियम. तो चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा बळकावतो आणि कण एकमेकांपासून सुटे करतो. सुटे कण छिद्रांत अडकून बसतात व जमीन चोपण बनते. सर्वसाधारणपणे मातीच्या कणांवरील सोडियमचा वाटा शेकडा १५ च्या वर गेल्यास जमीन चोपण समजली जाते. परंतु पूर्णा खोऱ्यातील भारी जमिनींत त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही निचरा बिघडत असल्याचे मृदाशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. म्हणून अहवालातील आकडा १५ च्या आत आहे, एवढ्यावर समाधान मानू नये.

खाऱ्या पाण्याची एक फसवी बाजू येथे सांगितली पाहिजे. त्या पाण्यातील क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवतात. त्यामुळे रब्बीत असे पाणी दिलेले शेत त्या हंगामात बरे दिसते व शेतकरी निर्धास्त होतो. पुढील मृगात गोड्या पावसाने वरचे क्षार धुऊन गेले की सोडियमने ग्रासलेले कण एकदम विखुरतात, जमिनीवर पापुद्रा धरतो, पेरलेले बी वर येत नाही आणि पाणी साचून राहते. दोष पावसाचा नसून मागील हिवाळ्यातील पाण्याचा असतो.

हे ओळखण्यास एक साधी चाचणी गावातच करता येते. स्वच्छ काचेच्या पेल्यात पावसाचे साठविलेले पाणी घ्यावे. विहिरीचे घेऊ नये, कारण खाऱ्या पाण्यात दोष झाकला जातो. त्यात वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ हलकेच सोडावे आणि पेला न हलविता ठेवावा. ढेकूळ नुसते फुटून तळाशी पसरले व पाणी नितळ राहिले तर भीतीचे कारण नाही. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय उठून काही तासांतही बसले नाही, तर जमीन चोपण होत आहे असे समजावे. वरच्या थराचे व दोन फूट खोलीचे ढेकूळ वेगवेगळे तपासावे, कारण बिघाड बहुधा खालून वर येतो. ही चाचणी संशय घेण्यापुरती होय; जिप्समची मात्रा प्रयोगशाळेतील मृदापरीक्षणावरूनच ठरवावी.

जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम शेताबाहेर गेला नाही तर सारा खर्च व्यर्थ होय. म्हणून आधी चर, मग जिप्सम. पावसाळ्यापूर्वी ते पसरून वरच्या चार ते सहा इंच मातीत वखराने मिसळावे व पहिल्या पावसांच्या पाण्याला उताराच्या दिशेने वाट करून द्यावी. धैंचा पेरून चाळीस-पन्नास दिवसांनी गाडल्यास मुळांच्या वाटा तयार होतात आणि कुजताना निघणारे आम्ल जमिनीतील चुनखडीतूनही थोडा कॅल्शियम मोकळा करते. जमिनीतच ठेवा असताना तो बाजारातून आणावा लागतो, हे या खोऱ्याचे दुर्दैवच म्हणावयाचे.

कूपनलिकेविषयी पुष्कळ गैरसमज आहे. वर खारे लागले म्हणून आणखी शंभर फूट खाली जावे, असा सल्ला देणारे भेटतात. पायथ्यापासून दूर, मैदानाच्या मध्यभागी खोल गेल्यानेही तोच गाळ लागतो व पाणी पुष्कळदा अधिक खारे मिळते. ज्या गावी शेजारच्या चार विहिरी खाऱ्या आहेत तेथे कर्ज काढून नवी कूपनलिका घेण्यापूर्वी त्या विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत. पंप काही वेळ चालवून मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून एक लिटर नमुना भरावा आणि गट क्रमांक व विहिरीची खोली चिठ्ठीवर लिहावी.

हीच घट्ट चिकणमाती शेततळ्यास मात्र उपकारक ठरते. पाझर अल्प असल्याने कित्येक ठिकाणी अस्तराविनाही पाणी टिकते. तळे फार खोल करून खाऱ्या पाण्याच्या थरास भिडवू नये. पावसाचे हे गोडे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखण्याचा हव्यास धरल्यास ते वाफ होऊन जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाने ओढ दिली असता कापूस, तूर यांस किंवा पुढे हरभऱ्याच्या पेरणीस एक संरक्षक पाणी देण्यात त्याचा खरा उपयोग आहे. कालव्याचे गोडे पाणी आले तरी निचऱ्याविना ते मोकाट सोडू नये. भारी जमिनीत पाणी तुंबले की खालचे क्षार वर चढतात.

पिण्याच्या पाण्यासाठी वान व शहानूर या डोंगराकडील नद्यांवरील धरणांतून नळयोजनांनी अनेक गावांना पाणी देण्यात आले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यात तापी खोऱ्याचे पाणी मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झाला. नद्यांनी गोटे जेथे टाकले तेथेच पाणी जमिनीत उतरते, हे तत्त्व गावपातळीवरही लागू आहे. पायथ्याच्या गावांतील कार्यकर्त्यांनी नाल्यांवर बंधारे घालताना गाळ साचून तळ लिंपला जाणार नाही याकडे दर उन्हाळ्यात लक्ष द्यावे. मैदानातील गावांत बंधाऱ्यातून पाणी मुरण्याची अपेक्षा न धरता ते साठविण्याचाच हिशेब करावा.