खेळांतील रत्नें आणि घरांतील रुपया



गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगा आठवडाभर मान खालीं घालून बसत असे. पुढें त्याच्या वडिलांकडून कारण कळलें. मोबाइलवर खेळतां खेळतां त्यानें फीसाठीं ठेवलेले जवळजवळ तीन हजार रुपये घालविले होते. "मी पैसे घेतले नाहींत, मी फक्त रत्नें घेतलीं," असें तो रडत सांगत होता. तो खोटें बोलत नव्हता. हें कसें घडतें, तें या पाठांत पाहूं.

असे बहुतेक खेळ प्रथम फुकट मिळतात. बनविणाराचें उत्पन्न पुढें खेळाच्या आंत होणाऱ्या विक्रीवर चालतें. त्या विक्रीच्या मुख्य युक्त्या तीन आहेत.

पहिली युक्ति, रुपयाचें नांव लपविणें. समजा, १०० रुपयांस ८० रत्नांचा पुडा मिळतो आणि एका पोषाखाची किंमत १०० रत्नें आहे. एक पुडा पुरत नाहीं. दोन घ्यावे लागतात. म्हणजे २०० रुपये जाऊन ६० रत्नें उरतात. तीं फुकट जाऊं नयेत म्हणून मुलगा तिसरा पुडा घेतो!

दुसरी युक्ति, घाई करणें. "ही वस्तु आजच मिळेल" असें सांगून शेजारीं उलटें चालणारें घड्याळ दाखवितात. विचारास वेळ मिळूं नये, हा त्यांतील हेतु.

तिसरी युक्ति, बंद पेटी. पैसे आधीं द्यावयाचे, आंत काय निघेल तें मागाहून कळावयाचें. ही सोडतच होय. बेल्जम देशाच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं कांहीं प्रसिद्ध खेळांतील अशा पेट्या जुगारांत मोडतात, असा निर्णय दिला.

मुलांच्याच हातून चुका होतात, असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनें 'फोर्टनाइट' खेळाच्या एपिक गेम्स कंपनीवर आरोप ठेवला, कीं बटणांची रचनाच अशी होती कीं एका दाबण्यासरशी नको असलेली खरेदी होई. तसेंच २०१८ पर्यंत आईबापांच्या संमतीवांचून मुलांस खरेदी करतां येत असे. डिसेंबर २०२२ मध्यें ग्राहकांच्या परताव्यासाठीं २४ कोटि ५० लक्ष डॉलर देण्याचें कंपनीनें मान्य केलें.

तेव्हां मुलांनो, बटण दाबण्यापूर्वीं तीन गोष्टी करा. रत्नांचे रुपये करून कागदावर मांडा. एक रात्र जाऊं द्या. आणि ज्यांच्या कष्टाचा तो पैसा, त्यांना विचारा. विचारण्याची लाज वाटत असेल, तर ती खरेदी करूंच नये.

पालकांसही एक विनंति. यू. पी. आय. चा गुप्त अंक मुलांच्या हातीं देऊं नये. बँकेचें कार्ड खेळाशीं जोडून ठेवूं नये. प्रत्येक खरेदीस परवानगी लागेल अशी व्यवस्था मोबाइलमध्यें करून घ्यावी. चूक झालीच, तर परताव्याची मागणी विनाविलंब करावी. रागावण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें ऐकावें. कारण मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळीं अधिक लपवितो.

त्या मुलाच्या वडिलांनीं त्यास मारलें नाहीं. दोघांनीं मिळून सर्व खरेदी एका वहींत उतरविली. बेरीज मुलानेंच केली. ती पुरी होतांच तो हळूच म्हणाला, "बाबा, हे तर तुमचे सहा दिवसांचे पैसे!" रत्नांचे रुपये आणि रुपयांचे दिवस, हें गणित ज्यास समजलें, त्यास फसविणें सोपें नाहीं.