दुचाकीवरून अष्टविनायक : पुणे शहर ओलांडण्याचे नियोजन

अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर व लेण्याद्री ही स्थाने पुणे जिल्ह्यात, पाली व महड रायगड जिल्ह्यात, तर सिद्धटेक पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मुंबईहून दुचाकीने निघून ही आठही स्थाने करणाऱ्या भाविकास सोयीच्या मार्गानेसुद्धा सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पेट्रोल, मुक्काम व नैवेद्य यांचा विचार सर्वच करतात. वाटेत पुणे शहर किती वेळा व कोणत्या प्रहरी ओलांडावे लागेल, हे मात्र फार थोडे जण आधी पाहतात.

शास्त्रोक्त क्रम मोरगावपासून सुरू होतो. त्यानंतर सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर व रांजणगाव करून पुन्हा मोरगावी येऊन यात्रेची सांगता होते. नकाशा समोर ठेवल्यास यातील अडचण ध्यानात येते. सिद्धटेकहून पालीस जाताना पुणे पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडून बोरघाट उतरावा लागतो, आणि महडहून थेऊरला येताना तोच घाट चढून तेच शहर पुन्हा पार करावे लागते. मुंबईच्या भाविकास जाता-येताना आणखी दोनदा, म्हणजे एकूण चार वेळा पुणे लागते. याउलट महड, पाली, थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री असे जाऊन माळशेज घाटाने कल्याणकडे परतल्यास शहर एकदाच लागते. बहुसंख्य भाविक आज रस्त्याच्या सोयीचाच क्रम धरतात. दुचाकीस्वाराने तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांचा क्रमाचाच संकल्प असेल त्यांनी दोन दिवसांचा हट्ट सोडून चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस प्रवेश नाही. २०२४ साली सुरू झालेल्या अटल सेतूवरही नाही. म्हणून शीव-पनवेल मार्गाने पनवेल व तेथून जुन्या महामार्गाने खोपोली हीच वाट धरावी. महड याच रस्त्यापासून जवळ आहे. येथे एक सूचना आवश्यक वाटते: मोबाईलच्या नकाशात ‘महाड’ असे लिहिल्यास तो सावित्रीकाठच्या महाड शहराची वाट दाखवतो. तेही रायगड जिल्ह्यातच असल्याने चूक लवकर लक्षात येत नाही. ‘महड, खालापूर तालुका’ असे पाहावे.

बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी क्षणभर थांबण्याची वाहनचालकांची जुनी रीत आहे. श्रद्धेबरोबरच हातापायांस विसावा म्हणूनही ती पाळण्याजोगी आहे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून धरल्यास तो तापून ऐनवेळी निकामी होतो.

लोणावळ्याहून येणारा जुना रस्ता देहूरोड, निगडी, पिंपरी, खडकी असा थेट शहरात शिरतो आणि थेऊरसाठी हडपसरमार्गे सोलापूर रस्त्यास लागावे लागते. सकाळी नऊ ते अकरा आणि सायंकाळी साडेपाचनंतर या वाटेवर गर्दीचा कडेलोट असतो. सतत क्लच दाबून मनगट भरून येते, मागे बसलेली व्यक्ती कंटाळते, आणि गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पुढे मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवला जातो. खरा धोका तो आहे. तेव्हा आदल्या रात्री लोणावळा अथवा पिंपरी-चिंचवडमध्ये मुक्काम करून पहाटे निघावे व सातच्या आत हडपसर मागे टाकावे.

शहर टाळण्यासाठी कात्रज-देहूरोड बाह्यवळणाचा पर्याय काही जण सुचवतात. तथापि नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे तीव्र उतार असून अवजड वाहनांचे नियंत्रण तेथे वारंवार सुटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अपघातात ४८ वाहने सापडली होती. दुचाकीस्वाराने हा टप्पा शक्यतो टाळावा, टाळता न आल्यास ट्रकच्या पुढे राहू नये.

आषाढी वारीच्या काळात पालख्या पुण्याहून निघतात त्या दिवशी हडपसर, दिवेघाट व लोणी काळभोर या बाजूंचे रस्ते वारकऱ्यांनी भरलेले असतात. थेऊर व मोरगावच्या वाटा नेमक्या याच होत. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीस, शहराच्या मध्यभागातून जाण्याचा विचारही करू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दुचाकीवर चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते आणि हेल्मेट दोघांनाही बंधनकारक आहे. दांपत्याच्या मध्ये लेकरू बसवून अष्टविनायक करणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात. त्यांनी एस.टी. किंवा चारचाकीचा मार्ग धरावा. नवस बाळाचा असेल तर अधिकच.

लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून-उतरून लगेच माळशेजकडे निघू नये. दुपार टळली असल्यास ओझर येथे मुक्काम करावा आणि पावसाळ्यात घाट दिवसाउजेडीच पार करावा.